रेशमाचे शनिवार

बेलवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शनिवार म्हणजे दप्तराविना शाळा. पोरं मोकळ्या हातानं यायची आणि त्यांच्याकडून काहीतरी हातानं करून घ्यायचं, असा वरून आलेला आदेश. आदेशाचं काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. पोरांना गोल बसवायचं, टाळ्या वाजवायला सांगायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, झाला उपक्रम. उम्मेहानी मॅडमना मात्र हे जमायचं नाही. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग तिच्याकडं होता. लोहाऱ्याहून स्कूटीवर येताना ती वाटेतच ठरवायची, आज काय करायचं. पोरांनी वितीनं पटांगण मोजलं होतं, खिडकीत मटकीला मोड आणले होते, खराट्याच्या काडीचा तराजू करून कापूस आणि खडा तोलला होता. पोरांच्या हाताला काम दिलं की त्यांची तोंडं आपोआप उघडतात, असा तिचा अनुभव होता.

एकच तोंड उघडत नव्हतं, ते मोनिकाचं. चौथीतली ही पोरगी खिडकीकडच्या रांगेत बसायची आणि वर्गात असूनही नसल्यासारखी असायची. विचारलं तर मान हलवायची. उम्मेहानीनं फळ्यावर फुलपाखराचं चित्र काढलं, अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, आणि विचारलं, ‘अळी कुणी जवळून पाहिलीय?’ तेव्हा त्या रांगेतून बारीक आवाज आला.

‘आमच्या शेडात लई हायत, मॅडम. पांढऱ्या.’

सगळा वर्ग मागं वळला. मोनिकानं लगेच खाली बघितलं, पण बोलून तर गेली होती.

मोनिकाचे वडील लिंबाजी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. लिंबाजीनं कळप विकून विहिरीजवळच्या रानात तुती लावली आणि बांधावर रेशमाच्या अळ्यांसाठी शेड उभं केलं. मॅडमनी निरोप धाडला तसा तो दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळेत आला, प्लास्टिकचा एक ट्रे आणि त्यात तुतीच्या पाल्यावर लोळणाऱ्या मूठभर अळ्या घेऊन. ट्रे टेबलावर ठेवून म्हणाला, ‘पोरगीला समदं ठावं हाय. तिलाच इचारा.’ आणि गेला.

त्या दिवसापासून वर्गाची बसण्याची रीतच बदलली. ट्रे खिडकीजवळ, म्हणजे मोनिकाच्या बाकाशेजारी. हात धुतल्याबिगर कुणी शिवायचं नाही. पाला ओला नको. जवळ शिंकायचं नाही. एकदा उम्मेहानी वाकून बघायला गेली तर मोनिका हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुमी जरा लांब थांबा. तुमच्या अत्तराचा वास येतोय. त्यांला सोसत न्हाय.’ पोरं खुदखुदली. उम्मेहानीलाही हसू आलं आणि तिनं शाळेत येताना अत्तर लावणं सोडून दिलं.

पोरं दोऱ्यानं अळ्या मोजायची आणि दोरा पट्टीवर ठेवायची. कालची लांबी, आजची लांबी, वजाबाकी. वजाबाकीला कंटाळणारा शिवराजसुद्धा स्वतःहून उत्तर काढू लागला. शिवराज म्हणजे वर्गाचा भोंगा. त्याला एखादी गोष्ट कळली की गावाला कळलीच. एका सकाळी अळ्या खाईनात, नुसत्या डोकं वर करून थिजल्यासारख्या बसल्या, तेव्हा त्यानंच बोंब ठोकली, ‘मॅडम, मेल्या!’ मोनिका म्हणाली, ‘मेल्या न्हाईत. झोपल्यात. कात टाकायल्यात. त्यांला आता हलवायचं न्हाय.’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच जुनी कातडी मागं टाकून, चांगल्या जाडजूड होऊन अळ्या पाल्यावर तुटून पडल्या. वर्ग गप्प बसला की त्यांचं खाणं ऐकू यायचं, वाळक्या पाल्यावरून कुणी जपून चालावं तसं. तो आवाज ऐकायला पोरं आपणहून गप्प बसायची. एवढी शांतता उम्मेहानीला ओरडूनही कधी मिळाली नव्हती.

मग अळ्यांनी खाणं सोडलं आणि त्या तोंडानं धागा काढू लागल्या. लिंबाजीनं जाळीचा एक तुकडा दिला होता, त्याच्या घडीघडीत त्यांनी आपापली जागा धरली. पहिल्यांदा धुक्यासारखं पांढरं, त्यातून आत हलणारं डोकं दिसे. मग ते दिसेनासं झालं. बोराएवढे टणक, पांढरेशुभ्र कोष जाळीत अडकून राहिले. मुख्याध्यापक अण्णाराव सरांनी एक कोष कानाशी धरून हलवून पाहिला. ‘वा, मॅडम,’ ते म्हणाले, ‘ह्याला म्हणायचं उपक्रम. आता धागा काढायचं तेवढं पोरांना दाखवा. मी व्हिडिओ करतो.’

धागा काढून दाखवायचं तर उम्मेहानीच्या मनातही होतंच. तिनं घरी बसून माहिती वाचली. कोष उकळत्या पाण्यात टाकायचे, धागा चिकटवून धरणारा डिंक सुटला की काडीनं टोक शोधायचं आणि धागा रिळावर गुंडाळत जायचा. पोरं बघत राहतील, असं तिला वाटलं. ‘उकळत्या पाण्यात’ हे शब्द तिच्या डोळ्यांखालून गेले, पण तिथं ती थांबली नाही.

शनिवारी तिनं खिचडी शिजवणाऱ्या हरणाबाईंकडून गॅसची लहान शेगडी आणि एक भगुलं आणलं. वर्गाच्या मध्ये बाक सरकवून जागा केली. अण्णाराव सर मोबाईल धरून दारात उभे राहिले. मोनिका सगळ्यांच्या पुढं. जाळीतून कोष काढायचं काम तिचं. तिनं ते एकेक करून ताटलीत ठेवले. पाण्याला आधण आलं, वाफ निघू लागली.

‘मॅडम,’ शिवराजनं विचारलं, ‘पाण्यात टाकल्यावर आतली अळी बाहेर कशी येणार?’

उम्मेहानीच्या हातात ताटली होती. तिनं तोंड उघडलं, पण उत्तर आधीच आलं. मोनिकाला ते माहीत होतं, आणि गेले कित्येक दिवस अळ्यांबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणं हे तिचंच काम होतं.

‘येत न्हाय,’ ती म्हणाली. ‘आतच मरती. बाहेर आली तर कोषाला भोक पडतंय आन् धागा तुटतोय. म्हणून आदीच उकळत्यात. आमी इकतो ना, तिकडं बी तसंच करत्यात.’

भगुल्यातल्या पाण्याचाच काय तो आवाज.

‘म्हंजे तुमी मारता?’ शिवराज म्हणाला.

‘आमी न्हाय. तिकडं…’

‘पर तुमीच इकता की! मारायलाच पाळता!’

मागून एक मुलगी रडायला लागली. दुसरीनं तिला जवळ घेतलं आणि मोनिकाकडं असं बघितलं की मोनिका एक पाऊल मागं सरकली. अण्णाराव सरांनी मोबाईल खाली घेतला. सगळे उम्मेहानीकडं बघत होते. तिनं शेगडी बंद केली, ताटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘आज राहू दे. चला, बाहेर खेळा.’

एवढंच. पोरं बाहेर गेली. मोनिका कोष परत जाळीत ठेवत बसली आणि शाळा सुटली तशी कुणाशी न बोलता निघून गेली.

संध्याकाळी लोहाऱ्याला, मेथी निवडता निवडता उम्मेहानीनं सासूला, खातूनबींना, सगळं सांगितलं. खातूनबींनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘फिर तू क्या बोली?’

‘कुछ नै.’

‘उस बच्ची के तरफ से कोईच नै बोल्या?’

उम्मेहानीनं मान हलवली. खातूनबींनी मेथीची दुसरी जुडी सोडली. पण ताटातली ती हिरवी पानं उम्मेहानीला दिसेनाशी झाली. सगळ्या वर्गासमोर त्या पोरीला उघडं सोडून आपण शेगडी तेवढी विझवली, हे तिला आत्ता कुठं नीट कळलं.

सोमवारी मोनिका शाळेत आली नाही. शाळा सुटल्यावर उम्मेहानीनं स्कूटी लोहाऱ्याकडं न वळवता लिंबाजीच्या रानाकडं घातली.

शेडाच्या दारात लिंबाजी आणि त्याची बायको जाळ्यांतले कोष काढून पोत्यात भरत होते. सगळं अंगण पांढरं झालं होतं. लिंबाजीनं हात झटकून बाज पुढं ओढली. ‘बसा, मॅडम. पोरगी तिकडं तुतीत हाय. दोन रोज झालं, शेडात पाऊल टाकंना. इचारती, आप्पा, ह्यांला मारायलाच न्यायलाव का?’

‘तुम्ही काय सांगितलंत?’

‘काय सांगू?’ त्यानं पोत्याचं तोंड आवळलं. ‘ल्हान असताना एका कोकरापायी म्या बी असाच रडलो हुतो. बापानं नुसता पाठीवर हात ठिवला आन् त्याला घिऊन गेला बाजारला. म्या बी परवा तसाच हात ठिवला. पर ही पोरगी म्हनती, हात नगं, सांगा.’ तो कसनुसं हसला. ‘तुमी शिकलेल्या हाव. तुमीच सांगा तिला कायतरी.’

‘मलाही सांगता येत नाही, लिंबाजीभाऊ,’ उम्मेहानी म्हणाली. ‘आलं असतं तर शनिवारीच सांगितलं असतं.’

लिंबाजीनं तिच्याकडं क्षणभर बघितलं. रागावला नाही. उलट बाजेच्या दुसऱ्या टोकाला टेकला, जणू दोघांची अडचण एकच निघाल्यानं त्याला जरा बरं वाटलं होतं.

मोनिका तुतीच्या सरीत मातीत रेघोट्या ओढत बसली होती. उम्मेहानी तिच्या शेजारी खाली बसली, ओढणीला माती लागली तरी.

‘पोरं म्हणत्यात आमी मारतो,’ मोनिका म्हणाली.

‘तुला काय वाटतं?’

‘मारतोच की.’ तिनं रेघ पुसली. ‘पर उपाशी बी ठेवत न्हाय. आई रातच्याला उठती पाला टाकाया. मुंग्या लागू नयेत म्हणून आप्पा शेडातच निजत्यात. एवढं करायचं आन् मग…’

पुढचं तिला सापडेना. उम्मेहानीलाही सापडलं नाही. ती म्हणाली, ‘मोनिका, त्या दिवशी पाणी मी ठेवलं होतं. कोष टाकायचे हे मी ठरवलं होतं. तू फक्त विचारलेल्याचं खरं उत्तर दिलंस. ते मी वर्गात सांगायला पाहिजे होतं. उद्या सांगते. तू येशील?’

मोनिकानं हाताची माती झटकली. मग तिनं विचारलं, ‘आपले वर्गातले कोष कुणी हलवले तर न्हाईत?’

दुसऱ्या दिवशी उम्मेहानीनं हजेरीआधीच ते सांगून टाकलं, जसं बोलली होती तसंच. पोरांना मॅडमनी असं काही म्हणायची सवय नव्हती, ती चुळबुळली. मग जो गलका झाला तो तिनं थांबवला नाही. एक म्हणाला, आमच्या घरी कोंबडं कापत्यात, तवा मी बघत न्हाय पर खातो. एकीनं सांगितलं, आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, पण माझ्या ताईच्या लग्नातलं पातळ रेशमाचंच होतं. त्यावर सगळे तिच्याकडं बघायला लागले तशी ती घाबरून म्हणाली, ‘मला न्हवतं ना माहीत!’ शिवराज पायानं फरशी घासत बसला होता. शेवटी तो म्हणाला, ‘ते असू दे. आपले तरी सोडू. उडून जाऊ द्या त्यांला.’

हात वर करायला सांगितल्यावर सगळ्यांचे हात वर आले. मोनिकाचाही. अण्णाराव सरांनी जाता जाता दारातून विचारलं, ‘मग धागा नाही का मॅडम?’

‘नाही सर.’

‘मग उपक्रम संपला म्हणायचा?’

‘अजून चाललाय,’ ती म्हणाली.

कोष फुटले ते एका सकाळी, प्रार्थनेच्या वेळी. वर्गात आल्यावर पोरांनी जाळीभोवती गर्दी केली. कोषाच्या टोकाला ओलसर डाग पडायचा, तिथून एक पांढरं डोकं धडपडत बाहेर यायचं. पोरं श्वास रोखून होती. पण फळ्यावरच्या चित्रातलं रंगीत फुलपाखरू काही आलं नाही. आले ते जाड पोटाचे, मळक्या पांढऱ्या रंगाचे, केसाळ पतंग. ते पंख फडफडवत जागच्या जागी गोल फिरत राहिले.

‘आता उडतील,’ शिवराज म्हणाला.

त्यांनी वाट पाहिली. मधली सुट्टी झाली, जेवणं झाली. शिवराजनं एकाला तळहातावर घेतलं, पटांगणात नेलं आणि हळूच वर फेकलं. पतंग सरळ खाली मातीत पडला आणि पंख थरथरवत राहिला. त्यानं पुन्हा उचलला, पुन्हा फेकला.

‘नगं फेकू,’ मोनिका धावत आली. ‘त्यांला उडता येतच न्हाय.’

‘का?’

‘न्हाय येत. पिढ्यान् पिढ्या पाळल्यात ना माणसांनी. आप्पा म्हणत्यात, त्यांचं उडणं गेलं.’

‘मग खायला काय द्यायचं?’

‘खातबी न्हाईत. पाला न्हाय, काय न्हाय.’

शिवराजला ते पटलं नाही. त्यानं तुतीचं पान ठेवून बघितलं, गुळाचं पाणी ठेवून बघितलं. कुठल्याच पतंगानं तोंड लावलं नाही. त्यांनी जोड्या केल्या. माद्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर खसखशीसारखी अंडी घातली. आणि त्याच आठवड्यात एकेक करत ते पाय वर करून पडले. पोरांनी त्यांना कडुनिंबाखाली पुरलं. पुरताना कुणी रडलं नाही. पण वर्गात आल्यावर शिवराज बराच वेळ गप्प होता, आणि तो गप्प आहे म्हणून सगळेच गप्प होते.

‘मॅडम,’ त्यानं विचारलं, ‘मग आपण सोडून काय उपेग झाला?’

उम्मेहानीनं वर्गाकडं बघितलं. ‘कुणाला काय वाटतं?’

‘बाहेर आले की ते. उजेड बघितला,’ एक मुलगी म्हणाली.

‘चारच दिस.’

‘चार तर चार.’

‘अंडी घातली ना,’ तिसरं कुणी म्हणालं.

शिवराजनं मोनिकाकडं बघितलं. तिनं खांदे उडवले. ‘मला बी न्हाय कळत,’ ती म्हणाली. हे ऐकून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक; तो उठला आणि रिकामा ट्रे धुवायला तिच्याबरोबर नळावर गेला. माफीबिफी काही मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो तिच्या रांगेत बसायला लागला.

महिना उलटला असेल. लिंबाजीच्या शेडातली पुढची खेप निघाली तेव्हा तो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ‘मॅडम, पोरगी म्हनती, आप्पा, जिथं उकळत्यात तिथं मला न्या. मला बघायचंय. ल्हान लेकरू… नेऊ का नगं?’

उम्मेहानीनं विचार करायला वेळ घेतला. मग म्हणाली, ‘रविवारी जाणार ना? मीही येते.’

रविवारी पिकअपमध्ये मागं कोषांची पोती आणि पुढं हे तिघं दाटीवाटीनं. नळदुर्ग ओलांडून एका धाब्यावर चहा झाला. मोनिकानं बिस्कीट हातात धरलं पण खाल्लं नाही. सोलापूरच्या अलीकडं धागा काढण्याचं एक लहानसं केंद्र होतं; पत्र्याचा लांब हॉल, आत वाफ, आणि नाकाला झोंबणारा उग्र वास. मोनिकानं उम्मेहानीचं बोट धरलं. दारात लिंबाजी थबकला. इतकी वर्षं तो पोती देऊन बाहेरच्या बाहेर परतायचा. आत तोही पहिल्यांदाच येत होता.

रांगेनं मांडलेल्या गरम पाण्याच्या घमेल्यांत कोष तरंगत होते. प्रत्येक घमेल्यापुढं एक बाई. मोनिका पहिल्या घमेल्यापाशी जाऊन उभी राहिली. कोष पाण्यात गरगर फिरत बारीक होत चालले होते. त्यांच्यावरून धागा निघून वर फिरणाऱ्या चाकावर जात होता, इतका बारीक की उजेडात आला तरच दिसे. एक कोष संपला आणि आतलं काळपट तपकिरी काहीतरी पाण्यात राहिलं. मोनिकानं ते बघितलं. मान वळवली नाही. उम्मेहानीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. खांदा तिला ताठ लागला.

मग मोनिकाची नजर पाण्यावरून बाईच्या हातांकडं गेली. बाईची बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली, टोकाला सालपटं निघालेली. त्या बोटांनी ती पाण्यात हात घालून तुटलेलं टोक उचलत होती आणि चालत्या धाग्याला लावत होती.

‘मावशी,’ मोनिकानं विचारलं, ‘हात भाजत न्हाय का?’

बाईनं मान वर केली. तिचं नाव इरम्मा, अक्कलकोटकडची. कामावर असताना असं कुणी विचारत नसावं, ती हसली. ‘भाजतंय की गं बाळा. सुरुवातीला तर जेवायला यायचं न्हाय ह्या हातानं. मुलगा भरवायचा मला.’

‘मग आता?’

‘आता जेवती. मीठ लागलं की झोंबतंय तेवढं.’ तिनं पाण्यातून एक टोक उचललं आणि मोनिकापुढं धरलं. ‘धर. ओढू नको, नुसतं धर.’

मोनिकानं दोन बोटांत धागा धरला. काही धरलंय असं वाटतच नव्हतं, पण तो होता. लिंबाजी मागं उभा राहून बघत होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. वाफेमुळं घाम आला म्हणून, की दुसऱ्या कशामुळं, ते उम्मेहानीला समजलं नाही.

परतीच्या वाटेवर पिकअप रिकामा खडखडत होता. मोनिका खिडकीतून बाहेर बघत होती. लोहाऱ्याचा फाटा जवळ आला तेव्हा ती वळली.

‘मॅडम, उद्या वर्गात सांगू का म्या?’

‘सांग की.’

‘समदं?’

‘सगळं सांग. पाण्यात काय राहतं तेसुद्धा.’

मोनिकानं थोडा विचार केला.

‘आदी मावशीच्या हाताचं सांगते,’ ती म्हणाली.